करंगळीएवढं वर

७ एप्रिल, रविवार

ही वही शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी मला निवृत्तीच्या दिवशी दिली. बत्तीस वर्षं चारशे मुलांचं दुपारचं जेवण रांधलं, पण लिहायचं म्हणजे वाणसामानाची यादी, एवढाच माझा व्यासंग. वही कोरीच राहणार याची मला खात्री होती. आज मात्र लिहिल्यावाचून चैन पडणार नाही.

आम्ही सहाजणी मैत्रिणी योकोहामाच्या बंदरावर, मिनातो मिराईला गेलो होतो. क्रेप खाल्ले, आकाशपाळण्यात बसलो, दुकानातल्या सगळ्या टोप्या घालून फोटो काढले आणि एकही टोपी घेतली नाही. मग जुन्या गोदीत उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या शिडाच्या जहाजापाशी आलो तर काय! डोलकाठ्यांवर माणसं लटकलेली. खलाशी नव्हेत हो, पांढऱ्या केसांचे आजोबा, चष्मेवाल्या बायका, एक तर माझ्यापेक्षा जाड. खालून कुणीतरी आरोळी ठोकली, दोर सुटले आणि बघता बघता एकोणतीस शिडं उलगडली. माझ्या हातातलं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं तरी मला पत्ता नाही.

शेजारी पाटी होती : शिडं लावायला स्वयंसेवक हवेत, वय अठरा ते सत्तर, अनुभवाची अट नाही. मैत्रिणी हसत होत्या तोवर मी नाव लिहून मोकळी झाले. उमेहारा मासायो, वय एकसष्ट, अनुभव : मोठी भांडी उचलणे.

आता ह्यांना सांगायचंय.

८ एप्रिल, सोमवार

आमचे हे, म्हणजे कुनिहिको, माशाचे काटे काढण्यात गढलेले असले की कुठलीही बातमी पचते, असा माझा अनुभव. आज पचली नाही.

"कुठे चढणार?"

"डोलकाठीवर. पहिल्या आडव्या काठीपर्यंतच."

"किती उंच?"

"पंधरा मीटर असेल."

ह्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. तोंडाला घाम फुटला होता. मिसोचं सूप गरम असेल. "पडलीस तर?"

"पट्टा असतो."

"पट्टा मला शिकवू नकोस. आणि ती जागा कशाला? सगळ्या योकोहामात दुसरं काही मिळालं नाही चढायला?"

मूळ दुखणं हे. अठराव्या वर्षी हे त्या गोदीत लागले, क्रेनला खुणा करणारे म्हणून. चार वर्षांत गोदी तिथून हलली, हेही तिच्याबरोबर होन्मोकूला गेले, आणि मागे राहिलेल्या जागेवर दुकानं आणि आकाशपाळणा आला. तेव्हा ह्यांनी शपथ घेतली की त्या जमिनीवर पुन्हा पाय ठेवणार नाही. एकेचाळीस वर्षं पाळली आहे. लेकीला तिथल्या हॉटेलात लग्नाची मेजवानी द्यायची होती, ती ह्यांच्यापायी कावासाकीला द्यावी लागली.

म्हटलं, "मी वर चढेन तेव्हा तुम्ही फक्त खाली उभे राहा. एकदाच."

"खाली उभं राहायला ती जमीनच लागेल ना?" म्हणाले, आणि पुन्हा काटे काढू लागले.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. वर जायचंय, आणि ह्यांनी ते बघायला हवंय. एकच झाली तर भात आहे नि आमटी नाही.

१३ एप्रिल, शनिवार

पहिला सराव! बाहूंचे तुकडे पडलेत आणि मी खूश आहे.

आमचे प्रमुख ओतागुरो-सान, सहासष्ट वर्षांचे, पूर्वी कसरतीचे मास्तर. आवाज असा की पलीकडच्या क्रेपच्या रांगेतली माणसंही ताठ उभी राहतात. आम्ही नव्या दोघीच : मी आणि रुरिका नावाची चोवीस वर्षांची मुलगी. ही लोकांच्या नखांवर नक्षी काढते. स्वतःची नखं बोटाबोटाएवढी, त्यावर मोती.

ओतागुरो-सान म्हणाले, "ती नखं दोरात अडकली तर बोटासकट येतील."

रुरिकाने पिशवीतून कातर काढली, तिथेच डेकवर बसून दहाच्या दहा नखं कापली आणि मोती रुमालात बांधून ठेवले. मला ही पोरगी आवडली.

दिवसभर खालचे दोर ओढले. "सोऽऽरे!" म्हणत वीस जण एका दमात ओढतात. माझ्यामागचे आजोबा म्हणाले, "तुमच्या हातात जोर आहे हो." म्हटलं, बत्तीस वर्षं कढई ढवळली आहे.

समुद्र दिनाला, पंधरा जुलैला, सगळी शिडं लावायची आहेत. त्याआधी डोलकाठीची परीक्षा. पास झालो तर वर, नाहीतर खाली दोर ओढायचे.

२७ एप्रिल, शनिवार

आज चढले! अकरा पायऱ्या. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना दोरांच्या शिड्या ताणलेल्या असतात, त्यावरून जायचं. वारा सुटला की सगळी शिडी डुलते. मला तर हसूच येत होतं. ओतागुरो-सान खालून ओरडले, "उमेहारा-सान, हसू नका, मोजा!"

घरी आले तर हे नाहीत. हे आले संध्याकाळी. चेहरा पांढराफटक, मान मात्र उन्हाने लाल.

"कुठे होतात?"

"बाहेर."

जेवले नाहीत, भिंतीला टेकून बसले. मला ओळखू येत नाही होय? स्टेशनसमोर नवा पाचिंको, लोखंडी गोळ्यांच्या जुगाराचा अड्डा, उघडलाय. माणूस हरून आला की असाच दिसतो. मी तिथे जीव टांगून घ्यायचा आणि ह्यांनी तिथे गोळ्या उडवायच्या. बरं, शुमाईचं, म्हणजे मांसाच्या उकडलेल्या मोमोंचं, एक खोकं घेऊन आले होते, ते मी एकटीने संपवलं.

११ मे, शनिवार

बावीस पायऱ्या. रुरिका तीस. ती खारीसारखी जाते.

आज पुन्हा हे माझ्यानंतर घरी. पुन्हा शुमाई. "सुपरमार्केटात मिळाली," म्हणाले. आमच्या सुपरमार्केटात बंदराजवळच्या साकुरागिचो स्टेशनचा शिक्का मारलेलं खोकं मिळतं, हे मला माहीत नव्हतं. हल्ली सगळं सगळीकडे मिळतं.

जेवताना हे एकदम म्हणाले, "आडवा दोर धरू नये."

"काय?"

दोन चॉपस्टिक्स उभ्या धरल्या, त्यांवर लोणच्याच्या मुळ्याची एक फाक आडवी ठेवली. "हात उभ्या दोराला. आडवा पायासाठी. आडवा तुटतो." आणि फाक खाऊन टाकली.

खरंच की! मी आज आडवे दोरच धरत होते. ओतागुरो-सानही ओरडले होते. ह्यांना घरबसल्या कसं कळलं? शेवटी गोदीतला माणूस, मुरलेला.

१६ मे, गुरुवार

न्हाणीघरातला दिवा गेला. स्टुलावर चढून मीच बदलला. ह्या घरात स्टूल माझंच आहे. सातव्या मजल्यावर राहतो, एकवीस वर्षं झाली, पण बाल्कनीत कपडे वाळत घालायचे म्हटलं की ह्यांना नेमका खोकला येतो. आळशीपणाला औषध नाही.

मी चिडून म्हटलं, "गोदीत तरी कधी काही उचललंत का हो? का नुसतेच हात हलवलेत?"

"नुसतेच हात," हे म्हणाले. "मी कधी वर गेलो नाही. खालूनच."

मग मलाच वाईट वाटलं. कारण ते हात हलवणं मला फार आवडतं. मी गाडी मागे घेते तेव्हा हे अजून तसंच करतात, बोलत नाहीत. हात डोक्यावर नेऊन गोल फिरवला की वर घ्या. मूठ म्हणजे थांबा. करंगळी उभी केली की अगदी थोडं थोडं. आणि काम संपलं की दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे. ह्या खुणांवर मी चाळीस वर्षांत एकदाही गाडी ठोकलेली नाही.

८ जून, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

माचीखाली अडकले. डोलकाठीवर मध्ये एक माची आहे. तिच्यावर जायला शेवटच्या पाच-सहा पायऱ्या दोरांची शिडी बाहेरच्या बाजूला झुकते. म्हणजे पाठ खाली नि तोंड वर, छतावरच्या पालीसारखं जायचं. रुरिका गेली. आजोबा गेले. मी पहिली पायरी घेतली, शरीराचा सगळा भार हातांवर आला आणि हात म्हणाले, नाही. कढई ढवळणारे हात! किती वेळ होते कोण जाणे. खालून पर्यटक फोटो काढत होते. ओतागुरो-सान वर आले, माझ्या मागे उभे राहिले आणि एक एक पाऊल धरून मला खाली उतरवलं.

"सहा जुलैला पुन्हा बघू," एवढंच म्हणाले.

रुरिकाने माझ्या करंगळीच्या नखावर एक मोती चिकटवून दिला. "मासायो-सान, हा वर जायचा परवाना." मला रडू आलं.

घरी हे आधीच येऊन बसलेले. आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी काही सांगायच्या आत म्हणाले, "हात खांद्यापासून दुखत असतील. आधी गरम पाण्यात बस."

मी अडकल्याचं सांगितलंच नाही. उगाच म्हणाले असते, मी सांगत होतो.

२२ जून, शनिवार

पाऊस. सराव नाही. हेही दिवसभर घरी, पाचिंकोला गेले नाहीत. पावसात यंत्रं बंद असतात की काय?

दुर्बीण विकत घेतली आहे ह्यांनी. म्हणे घारी बघायला. ज्या माणसाने चाळीस वर्षांत चिमणी बघितली नाही!

६ जुलै, शनिवार

वीज कडाडली, परीक्षा रद्द. मी ओतागुरो-सानांच्या मागेच लागले. शेवटी म्हणाले, "समुद्र दिनाला सव्वादहाला एक संधी. मी तुमच्या मागे असेन. माचीवर पोचलात तर सगळ्यांबरोबर काठीवर. नाहीतर खाली दोर, आणि पुन्हा विषय नाही. कबूल?"

कबूल!

१४ जुलै, रविवार

भांडण झालं. माझी वही आहे, खरं लिहिते.

म्हटलं, "उद्या सव्वादहाला. येणार?"

"मी त्या जमिनीवर..."

"ती जमीन, ती जमीन! ती जमीन कधीच विसरली तुम्हाला. तिथे लोक क्रेप खातात. एक बायको चाळीस वर्षांनी काही मागते, तर तुम्हाला शपथ. पाचिंकोला जाताना बरी नाही आडवी येत!"

"पाचिंको?" हे बघतच राहिले. मग उठून आतल्या खोलीत गेले.

खोटं पकडलं गेलं की माणूस असाच उठून जातो. पण इस्त्री केलेला माझा सरावाचा निळा डगला दाराला टांगून ठेवलाय आणि तो बघून मला राग टिकवता येत नाहीये. उद्या!

१५ जुलै, सोमवार, समुद्र दिन

दंड भरून आलेत म्हणून अक्षर वाकडं.

सकाळी उठले तर हे गायब. चिठ्ठी नाही. टेबलावर भाताच्या दोन ओनिगिरी, वेड्यावाकड्या. भात दाबून दाबून अगदी दगड केलेला. रागारागात दोन्ही खाल्ल्या.

आभाळ निळंशार, बंदरावर झुंबड. आकाशपाळण्याला रांग, क्रेपला रांग, दोरावरून सरकणाऱ्या रोपवेच्या ट्रॉल्यांना रांग. दहा वाजता रोपवे सुरू झाला. सव्वादहाला मी डोलकाठीपाशी. पट्टा तपासला. ओतागुरो-सान मागे. रुरिका वर माचीवर, पोटावर पालथी पडून माझ्याकडे बघत होती. मी चढले. हात उभ्या दोराला. मोजलं, हसले नाही.

माचीखाली आले, शिडी बाहेर झुकली, आणि पुन्हा तेच. हात म्हणाले, नाही.

"उमेहारा-सान," मागून आवाज आला, "घाई नाही. पण उतरायचं असेल तर आत्ताच सांगा."

मी मान वळवली. खाली बघायचं नाही म्हणून बाजूला बघितलं. रोपवेची एक ट्रॉली कालव्यावरून येत होती, अगदी माझ्या उंचीवर, पन्नास पावलांवर असेल. आत एकच माणूस, काचेला चिकटून उभा. डोक्यावर ती जुनी पिवळी गोदीची टोपी, जी मी दोनदा कचऱ्यात टाकली होती.

त्याने उजवा हात वर नेला. करंगळी उभी केली. मग हात गोल फिरवला.

थोडं थोडं. वर घ्या.

मी एक पाय उचलला. बोटभर. मग दुसरा. ट्रॉली सरकत होती आणि करंगळी उभीच होती. मी तिच्याकडे बघत हात सरकवले. पाठ खाली, तोंड वर, आणि मला आमची गाडी आठवत होती. थोडं थोडं, थोडं थोडं. मूठ दिसेपर्यंत थांबायचं नाही. रुरिकाने माझं मनगट पकडलं आणि मी माचीवर बदकासारखी पडले. ती ओरडत होती, मी ओरडत होते. खाली ओतागुरो-सान म्हणत होते, "अजून काम संपलं नाही, उठा!"

मग आडव्या काठीवर गेलो. पायाखाली एक दोर, छातीशी काठी, ओळीने अकराजण. हुकूम आला, आम्ही गाठी सोडल्या आणि माझं शिड, हो माझं, माझ्या पोटाखालून सळसळत खाली गेलं. वाऱ्याने ते फुगलं तेव्हा काठी माझ्या छातीत धडधडली. खाली हजारभर लोक टाळ्या वाजवत होते. मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले होते? लेक झाली तेव्हा. बस.

तेवढ्यात तीच ट्रॉली परत आली. हे उभे होते, दोन्ही हात डोक्यावर, एकमेकांवर आडवे. काम झालं.

शेवटी सगळ्यांनी काठीवरून एक हात उंचावून तीनदा ओरडायचं असतं, "सुखरूप असा!" लोक समजतात ते किनाऱ्याला उद्देशून असतं. मी रोपवेकडे तोंड करून ओरडले.

घरी आले तर हे सुमो बघत बसलेले, जसं काही सकाळपासून तिथेच.

म्हटलं, "शपथ मोडली की हो."

"कुठे मोडली? स्टेशनपाशी चढलो. ट्रॉली उतरते तो पलीकडचा धक्का गोदीत येत नव्हता, तो कस्टमचा. मधली जमीन खाली राहिली." टीव्हीकडेच बघत होते. "पाय लागला नाही."

"आणि शनिवारी?"

"हं."

"सगळ्या शनिवारी?"

"हं. पाऊस सोडून."

म्हणजे पाचिंको नाही. शुमाई, दुर्बीण, आडवा दोर! आणि मी अडकले तेही बघितलं होतं. मी ह्यांच्या शेजारी बसले आणि पुढच्या तीन कुस्त्या कोण जिंकलं ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

२० जुलै, शनिवार

आज मीच म्हटलं, चला, मलाही त्या ट्रॉलीत बसायचंय. ह्यांनी बूट घालायला फार वेळ लावला.

साकुरागिचोला रोपवेच्या दारावर एक हसरी मुलगी उभी असते. ह्यांना बघून वाकली. "आजोबा, आज सोबत आहे वाटतं! बरं झालं." मग मला म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना काळजी वाटायची हो. पहिल्या दिवशी तर ह्यांना उतरवून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, एवढी भीती वाटते तर कशाला येता? तर म्हणाले, काम आहे. दर वेळी असेच, दोन्ही हातांनी दांडी धरून. काचेबाहेर बघायचे, पण दांडी सुटायची नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तिकीट बघत होते.

ट्रॉली सुटली. ह्यांनी काचेलगतची दांडी धरली. दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेपर्यंत. कपाळावर तोच घाम, जो मी मिसोचा समजले होते. स्टूल. बाल्कनी. खोकला. मी कधी वर गेलो नाही, खालूनच. एकवीस वर्षं मी ह्या माणसाला आळशी म्हणत आले आणि ह्याने एकदाही मला खोडून काढलं नाही.

"ते बघ," हे न हलता म्हणाले. "ते क्रेपचं दुकान. तिथे मी उभा राहायचो."

मी बघितलं नाही. मला सोमवारची ट्रॉली दिसत होती. करंगळी उभी करायला एक हात लागतो. पण शेवटी डोक्यावर आडवे होते ते दोन.

खाली जहाज आलं, शिडं गुंडाळलेली. मी माझी करंगळी वर केली. रुरिकाचा मोती अजून आहे तिच्यावर. हे हसले आणि दांडीवरचा एक हात सैल करू लागले.

"नका," मी म्हटलं, आणि त्या ओल्या हातावर माझा हात ठेवला. "घट्ट धरा. एकदा सोडलीत ती मला जन्माला पुरेल."